पीटर मिचेल: पेशीच्या पडद्यात वीजघर पाहणारा माणूस

तंतुकणिका म्हणजे मायटोकाँड्रिया, आणि हरितलवक म्हणजे क्लोरोप्लास्ट. या दोघांच्या आकृत्या शाळेपासून आपल्या वहीत असतात. एकीत भुईमुगाच्या शेंगेसारखा आकार आणि आत नागमोडी घड्या. दुसरीत तसाच लांबट आकार, पण आत नाण्यांच्या चळती रचून ठेवल्यासारख्या. परीक्षेत प्रश्न येतो की या घड्या कशासाठी असतात? उत्तर ठरलेलं आहे: पृष्ठफळ वाढवण्यासाठी. लिहिलं की मार्क मिळतात.

उत्तर चूक नाही, पण मला ते कायम अर्धवट वाटत आलंय. पृष्ठफळ वाढवून करायचं काय? त्या पातळ पडद्यावर असं काय चालतं, की तो जितका जास्त तितका बरा? हा पुढचा प्रश्न ज्या माणसाने सोडवला त्यांचं नाव पीटर मिचेल. जीवशास्त्राच्या पुस्तकात ते 'केमिऑस्मोटिक सिद्धांत' या जड नावाशेजारी एकदा येऊन जातं. मी इथे बहुतेक वेळा बॅटरी, चार्जर, इन्व्हर्टर यांवर लिहितो. मिचेल यांची गोष्टही मला त्याच घरातली वाटते. तीही चार्जिंगचीच गोष्ट आहे.

मिचेल यांचा जन्म 29 सप्टेंबर 1920 रोजी इंग्लंडमधल्या सरी परगण्यात, मिचम या गावी झाला. वडील सरकारी नोकरीत होते. काका सर गॉडफ्रे मिचेल हे मात्र 'जॉर्ज विम्पी' या मोठ्या बांधकाम कंपनीचे प्रमुख. या काकांमुळे घरात पैसा आला, आणि तो पुढे विज्ञानाच्या कामी आला. ते कसं, ते पुढे सांगतो.

अभ्यासात मुलगा लखलखीत वगैरे अजिबात नव्हता. केंब्रिजच्या शिष्यवृत्ती परीक्षेत त्यांचे पेपर वाईट गेले. टाँटन इथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्यांच्यासाठी स्वतः पत्र लिहिलं, म्हणून 1939 मध्ये जीझस कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथेही पदवीच्या पहिल्या टप्प्यात तिसरा वर्ग. 1942 पासून ते केंब्रिजच्याच जीवरसायन विभागात संशोधन करू लागले आणि 1951 मध्ये पेनिसिलिनच्या परिणामांवरच्या कामासाठी त्यांना पीएचडी मिळाली.

या काळातली एक गोष्ट लक्षात ठेवा. मिचेल यांचं सुरुवातीचं काम तंतुकणिकांवर नव्हतं, हरितलवकांवर तर नव्हतंच. ते जिवाणूंवर काम करत होते. जिवाणूच्या आत फॉस्फेटसारखे पदार्थ कसे शिरतात, कोण त्यांना आत घेतं, बाहेर काय जातं, हा त्यांचा विषय. म्हणजे त्यांची नजर पहिल्यापासून पिशवीच्या आतल्या रसायनांपेक्षा पिशवीच्या भिंतीवर होती. 1957 मध्ये मॉस्कोला जीवसृष्टीच्या उगमावर परिषद झाली. तिथेही त्यांनी मांडलं ते पटलांबद्दलच. पटल आत आणि बाहेर यांना वेगळं करतं आणि त्याच वेळी जोडतंही, असा त्यांचा रोख होता. तेव्हा हे थोडं तत्त्वज्ञानासारखं वाटलं असणार. चार वर्षांनी त्यातूनच सिद्धांत निघाला.

आता अडचण काय होती ते बघू.

आपल्या पेशी एटीपी नावाच्या रेणूवर चालतात. स्नायू आखडणं, मेंदूतला संदेश पुढे जाणं, नवीन प्रथिनं बांधणं, सगळीकडे हेच चलन. गंमत अशी, की शरीरात एका वेळी असलेला एटीपी पाव किलोही भरणार नाही, आणि दिवसभरात त्याची उलाढाल मात्र जवळपास आपल्या वजनाइतकी होते. एकच रेणू दिवसात शेकडो वेळा वापरला जातो आणि पुन्हा भरला जातो. हे भरण्याचं काम मुख्यतः तंतुकणिकेत चालतं. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तिच्या आतल्या पटलातल्या प्रथिनांच्या साखळीतून एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळतात. आपण श्वास घेतो तो यासाठी. या प्रवासात ऊर्जा सुटते. इथपर्यंत 1950च्या दशकात सगळ्यांना कळलं होतं.

कळत नव्हतं ते हे: सुटलेली ऊर्जा एटीपीपर्यंत पोहोचते कशी? 1953 मध्ये बिल स्लेटर यांनी सुचवलं की मधे एक ऊर्जेने भरलेला रासायनिक पदार्थ तयार होत असावा आणि तो आपली ऊर्जा एटीपीला देत असावा. कल्पना अगदी रास्त होती, कारण पेशीतल्या इतर ठिकाणी असंच घडताना दिसलं होतं. झालं, तो मधला पदार्थ शोधायला चांगल्या चांगल्या प्रयोगशाळा कामाला लागल्या. अधूनमधून कोणीतरी सापडला म्हणून जाहीर करायचं आणि मग ते मागे घ्यावं लागायचं. असं पुढे बरीच वर्षं चाललं.

त्यात आणखी एक त्रास होता. तंतुकणिकेचं पटल फाटलं, की साखळी चालू राहायची, ऑक्सिजन खर्च व्हायचा, पण एटीपी तयार होणं बंद. रसायनाच्या नजरेने पाहिलं तर हे विचित्र आहे. सगळी विकरं तिथेच आहेत, सगळा माल तिथेच आहे, मग पिशवी फाटली म्हणून काय बिघडलं?

मिचेल यांनी 1961 मध्ये 'नेचर'मध्ये एक लेख लिहिला. तोवर ते एडिंबरा विद्यापीठात होते; 1955 मध्ये तिथल्या प्राणिशास्त्र विभागाने त्यांना बोलावून घेतलं होतं, आणि केंब्रिजमधल्या सहकारी जेनिफर मॉइल याही बरोबर गेल्या होत्या. लेखातली कल्पना साध्या भाषेत अशी: मधला पदार्थ सापडत नाही, कारण तो नाहीच. इलेक्ट्रॉन साखळीतून जाताना सुटलेली ऊर्जा प्रोटॉनना पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलायला वापरली जाते. त्यामुळे एका बाजूला प्रोटॉन साठतात, जसं धरणाच्या भिंतीमागे पाणी साठतं. त्यांना परत यायचं असतं, पण पटल त्यांना येऊ देत नाही. परत यायला एकच दार, आणि त्या दारात एटीपी बनवणारं यंत्र बसवलेलं. प्रोटॉन आत येतात, एटीपी तयार होतो. धरण आणि टर्बाइन.

आता फाटलेल्या पिशवीचं कोडं आपोआप सुटतं. भिंतीला भगदाड असेल तर पंप कितीही चालवा, पाणी साठणार नाही. पटल हे यंत्राचं वेष्टन नव्हतंच, तेच यंत्राचा भाग होतं.

लोकांना हे पटलं का? नाही. बहुतेकांनी दुर्लक्ष केलं, काहींनी खिल्ली उडवली. पुराव्याच्या नावाने मिचेल यांच्याकडे तेव्हा फार काही नव्हतं, हेही खरं. अशातच त्यांची तब्येत ढासळली. पोटातल्या अल्सरने ते इतके हैराण झाले, की 1963 मध्ये त्यांनी विद्यापीठाची नोकरी सोडली. त्रेचाळिसाव्या वर्षी नोकरी नाही, अंगात आजार, आणि हातात कोणी न मानलेला सिद्धांत.

मग त्यांनी जे केलं ते मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात विलक्षण वाटतं. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. तिथे बॉडमिन गावाजवळ ग्लिन हाउस नावाचा एक जुना, पडझड झालेला वाडा होता. तो दुरुस्त करायला त्यांनी घेतला. 1963 ते 1965 ही दोन वर्षं संशोधन बंद. मिचेल स्वतःच आर्किटेक्ट, स्वतःच कामावर देखरेख करणारे मुकादम. वाड्याच्या एका भागात राहायचं, मोठ्या भागात प्रयोगशाळा. मिचेल आणि मॉइल यांनी मिळून 'ग्लिन रिसर्च' ही धर्मादाय संस्था काढली. तिच्यासाठी सुमारे अडीच लाख पौंडांचा निधी मिचेल आणि त्यांचे थोरले भाऊ यांनी निम्मा निम्मा घातला. घरचा पैसा कामी आला तो हा असा.

सांगायला हे रम्य वाटतं, पण व्यवहारात विचार करा. विद्यापीठ नाही, विद्यार्थी नाहीत, मोजकी माणसं, आणि समोर जगातल्या नामांकित प्रयोगशाळा. सिद्धांत चुकला असता तर पैसाही गेला असता आणि नावही.

ग्लिनमध्ये मॉइल यांच्या हातच्या काटेकोर प्रयोगांनी काम पुढे नेलं. एक प्रयोग अगदी सोपा आहे. उंदराच्या यकृतातल्या तंतुकणिका ऑक्सिजन नसलेल्या द्रावणात ठेवायच्या. त्यात थोडासाच ऑक्सिजन सोडायचा. बाहेरच्या द्रावणाचा पीएच मोजत राहायचं. ऑक्सिजन मिळताच द्रावण झटकन आम्ल होतं, म्हणजे प्रोटॉन बाहेर फेकले गेले. ऑक्सिजन संपला की ते हळूहळू परत आत झिरपतात. सिद्धांताने सांगितलं होतं तसंच. 1966 आणि 1968 मध्ये मिचेल यांनी आपला सगळा युक्तिवाद दोन पुस्तिकांमध्ये मांडला आणि ग्लिनमधूनच छापला. करड्या कव्हरमुळे त्या 'ग्रे बुक्स' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

पण सगळ्यात बोलका पुरावा दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतून आला, आणि तो हरितलवकांतून आला. अमेरिकेत आंद्रे जॅगेनडॉर्फ प्रकाशसंश्लेषणावर काम करत होते. मिचेल यांचं म्हणणं त्यांना आधी फारसं भावलं नव्हतं. 1966 मध्ये त्यांनी आणि अर्नेस्ट उरिबे यांनी पालकाच्या पानातली हरितलवकं घेतली आणि ती पीएच 4च्या आम्ल द्रावणात काही क्षण भिजवली. आतल्या पिशव्याही आम्ल झाल्या. मग ती एकदम पीएच 8च्या द्रावणात टाकली. हे सगळं अंधारात. प्रकाश नाही, इलेक्ट्रॉनची साखळी बंद. तरीही एटीपी तयार झाला. ऊर्जा आली कुठून? फक्त आत आणि बाहेर यांच्या आम्लतेतल्या फरकातून. आपल्या भाषेत सांगायचं तर चार्जर न लावता कोणीतरी हातानेच बॅटरी भरली आणि दिवा लागला.

त्याच आकृत्या, आता मिचेल यांच्या नजरेने

वहीतली आकृती पुन्हा समोर घ्या. तंतुकणिकेला दोन पटलं असतात. बाहेरचं चाळणीसारखं, त्यातल्या छिद्रांमधून छोटे रेणू सहज ये-जा करतात. त्याच्याकडून धरणाची अपेक्षाच नाही. आतलं पटल मात्र प्रोटॉनसाठी जवळजवळ बंद. या पटलाच्या दोन बाजूंमध्ये साधारण 150 मिलिव्होल्टचा फरक असतो. आकडा किरकोळ वाटतो ना? पण पटलाची जाडी आहे सुमारे 5 नॅनोमीटर. भागाकार केला तर मीटरला 3 कोटी व्होल्ट येतात. हवा साधारण 30 लाखांना फुटते आणि ठिणगी पडते. एवढा ताण हे तेलकट पटल जन्मभर पेलतं.

घड्यांना क्रिस्टी म्हणतात. 1950च्या दशकात जॉर्ज पलाडे यांनी त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पृष्ठफळ वाढतं म्हणजे साखळ्या आणि एटीपीची यंत्रं बसवायला जागा वाढते. म्हणून हृदयाच्या स्नायूत, जिथे क्षणाचीही सुट्टी नाही, क्रिस्टी दाटीवाटीने असतात, आणि यकृताच्या पेशीत त्यामानाने विरळ. अलीकडच्या चित्रणांत आणखी एक गोष्ट दिसली आहे. एटीपीची यंत्रं क्रिस्टीच्या कडांवर जोडीजोडीने रांगेत बसतात आणि त्यांच्या तिरक्या जोडणीमुळेच पटलाला तिथे बाक येतो. यंत्रं घडीत बसवलेली आहेत हे तर खरंच, पण घडी पाडण्यातही त्यांचा हात आहे.

आता हरितलवक. इथेही बाहेर दोन आवरणं आहेत, पण धरण त्यांच्यात नाही. ते आतल्या चपट्या बंद पिशव्यांमध्ये आहे. त्या थायलॅकॉइड. त्यांची चळत म्हणजे ग्रॅना. प्रकाश पडला की प्रोटॉन या पिशव्यांच्या आत ढकलले जातात. पिशवी इतकी चपटी का? कारण आतली जागा जितकी कमी, तितक्या थोड्या प्रोटॉननी ती आम्ल होते. ढगाआडून सूर्य निघाला की लगेच काम सुरू व्हायला हे सोयीचं. शिवाय प्रोटॉन आत येताना इतर आयन इकडेतिकडे सरकून विद्युतभार बराचसा फेडून टाकतात. त्यामुळे इथे व्होल्टेजपेक्षा आम्लतेचा फरक मोठा असतो. पालकावरचा तो अंधारातला प्रयोग जमला त्याचं कारण हेच.

चळतीतही शिस्त आहे. प्रकाश पकडणारी एक यंत्रणा चळतीच्या आत, जिथे पटलं एकमेकांना चिकटून असतात. एटीपीच्या यंत्राला मात्र मोठं बोंडासारखं डोकं असतं. ते त्या फटीत मावत नाही. म्हणून ते चळतीच्या बाहेरच्या मोकळ्या भागात, डोकं स्ट्रोमाकडे करून बसतं. साखर बनवण्याचं काम स्ट्रोमातच चालतं, तेव्हा एटीपी जिथे लागतो तिथेच पडतो. तंतुकणिकेत तयार झालेला एटीपी मात्र बहुतेक बाहेर पेशीला द्यायचा असतो. त्यासाठी आतल्या पटलात खास वाहक प्रथिनं आहेत: एक एटीपी बाहेर, एक रिकामा एडीपी आत.

आणि भिंतीला मुद्दाम भोक पाडलं तर? डीएनपी म्हणजे डायनायट्रोफिनॉल नावाचं रसायन तेच करतं. 1930च्या दशकात अमेरिकेत ते वजन कमी करायची गोळी म्हणून विकलं गेलं. वजन खरोखर उतरायचं, कारण अन्न जळत राहायचं आणि एटीपी मात्र बनत नसे. सगळी ऊर्जा उष्णता होऊन निघायची. लोकांना मोतीबिंदू झाले, काही जण अंगातल्या तापानेच मेले. 1938 मध्ये त्यावर बंदी आली. डीएनपी हे नेमकं कसं करतं, ते तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हतं. मिचेल आणि मॉइल यांनी दाखवलं, की ते प्रोटॉनना पाठीवर घेऊन पटलापार नेतं. धरणाला गळती. आजही ऑनलाइन 'फॅट बर्नर' म्हणून ते विकलं जातं आणि त्याने माणसं मेली आहेत. कोणी सुचवलं तर चुकूनही हात लावू नका. यावर उतारा नाही.

1974 मध्ये एफ्राइम रॅकर आणि वॉल्टर स्टोकेनियस यांनी वाद जवळजवळ मिटवला. सोयाबीनमधल्या मेदांच्या छोट्या कृत्रिम पिशव्या केल्या. त्यात एका सूक्ष्मजीवाचा प्रकाशावर चालणारा प्रोटॉन पंप बसवला आणि गाईच्या हृदयातलं एटीपीचं यंत्र बसवलं. या दोघांची निसर्गात कधी गाठ पडलेली नाही. प्रकाश टाकला, एटीपी मिळाला. दोघांमध्ये सामाईक होतं ते फक्त पटल आणि प्रोटॉन. 1977 मध्ये स्लेटर, बॉयर, चान्स, अर्नस्टर, रॅकर आणि मिचेल या सहा जणांनी एकाच आढावा लेखात आपापला भाग लिहिला. भांडलेल्या भावकीने एकाच उताऱ्यावर सह्या कराव्यात तसा हा प्रकार. पुढच्याच वर्षी, 1978 चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या मिचेल यांना मिळालं. मॉइल यांचं नाव त्यात नव्हतं. प्रयोगाचा एवढा भार ज्यांनी उचलला त्यांच्याबद्दल आपण इतकं कमी ऐकतो, हे मला खटकतं.

मिचेल यांचं सगळंच बरोबर होतं असं समजू नका. साखळीतल्या एका टप्प्यासाठी त्यांनी 1975 मध्ये मांडलेलं 'क्यू चक्र' टिकलं. पण एटीपीचं यंत्र आतून कसं चालतं याबद्दलचा त्यांचा अंदाज चुकला. प्रोटॉन थेट रासायनिक क्रियेतच भाग घेतात असं ते धरून बसले होते. साखळीच्या शेवटच्या टप्प्यावरचं विकरही प्रोटॉन पंप करतं, हे त्यांनी बरीच वर्षं मान्य केलं नाही. शेवटी केलं. ज्या हट्टाने सिद्धांत तारला तोच हट्ट इथे आडवा आला, असं मला वाटतं.

10 एप्रिल 1992 रोजी मिचेल गेले. ग्लिनमधली प्रयोगशाळा 1996 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये हलवली गेली. एटीपीच्या यंत्राची बारीक रचना जॉन वॉकर यांच्या गटाने 1994 मध्ये प्रसिद्ध केली. बॉयर आधीपासून म्हणत होते तसं, ते यंत्र फिरतं असं त्यातून दिसत होतं. प्रोटॉनच्या लोंढ्याने त्याची एक कडी फिरते आणि एका फेरीत तीन एटीपी तयार होतात. आपल्या तंतुकणिकेत त्या एका फेरीला 8 प्रोटॉन लागतात, पालकाच्या हरितलवकात 14. 1997 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी या यंत्राच्या आसाला एक चमकणारा प्रथिनाचा धागा चिकटवला आणि त्याला एटीपी देऊन ते उलटं चालवलं. सूक्ष्मदर्शकाखाली तो धागा गरगर फिरताना सरळ डोळ्यांना दिसला.